डोळा वर

सरकारनं समुद्र बंद केला तेव्हा
माझं वय एक्कावन्न.
बंद म्हणजे कुलूप नाही लावलं कुणी.
पाणी होतं तिथंच होतं, धक्क्याच्या खांबांना
सकाळ-संध्याकाळ तसंच चाटत.
फक्त कॉड धरायचा नाही. दोन वर्षं, रेडिओ म्हणाला.
होडी ओढून वर घेतली, उपडी घातली.
तिच्या पोटाखाली मांजर व्यायली.

पहिला हिवाळा सरकारी चेकवर गेला,
आणि खिडकीत बसून.
वसंतात ड्रुसिला पेलीनं काठीनंच खिडकी वाजवली.
ऐंशीच्या पुढची बाई, गुडघे वाकत नाहीत.
"लिअँडर, तुझे वाकतात ना? मग चल."

न्यूफाउंडलंडच्या आमच्या टोकाला माती म्हणजे
खडकावर कुणीतरी विसरलेलं पांघरूण.
जरा खोल खणावं तर फावडं ठण्ण.
म्हणून तिचं वावर गावाबाहेर, हमरस्त्याच्या कडेला,
रस्तेवाल्यांनी माती उपसून टाकली होती तिथं.
ती मासळीच्या उपड्या खोक्यावर बसली.
"बटाटा काप. दर फोडीला एक डोळा.
दोन राहिले तर भांडतात.
आणि पुरताना डोळा वर. तुला कुणी तोंडावर पालथं निजवलं तर?"

अंधारात, लाटेत, बधिर बोटांनी
मी चौदा तऱ्हेच्या गाठी मारू शकतो.
पण माझा पहिला वाफा बघून ती म्हणाली,
"इथं गाय झोपली होती का?"
मोडला. पुन्हा केला.
तिसऱ्यांदा ती काहीच बोलली नाही,
खिशातून बिस्किट काढून अर्धं मला दिलं.

मग कॅपलिन आले.
बोटभर रुपेरी मासे, लाटेबरोबर वाळूवर चढतात,
अंडी टाकतात, तिथंच तडफडतात.
सगळं गाव बादल्या घेऊन.
आम्ही सहा पोती भरली आणि ती म्हणाली, वाफ्यांत पसर.

आमच्या अन्नात माती कालवली म्हणून
ज्यांना वर्षभर शिव्या घातल्या
ते निदान सुटाबुटात होते.
इथं मीच, गुडघ्यावर बसून,
स्वतःच्या हातानं मासळी मातीत कालवत होतो.
हात थांबला. खरंच थांबला.
मागून काठीची टोची बसली. "गल येतील. झाक लवकर."
आठवडाभर अंगाचा वास गेला नाही.
एका अर्थी बरं वाटलं.

कोबीवर पांढरी फुलपाखरं, पलीकडून मूस.
माळ्यावरचं कॉडचं जुनं जाळं आणलं,
ऐटबाजाच्या वाशांवर ताणलं.
काहीही अडकू नये म्हणून टांगलेलं
माझं हे पहिलंच जाळं.

गारलंड अल्बर्टाहून फोन करतो:
"बाबा, दुकानात दहा किलोंची पिशवी केवढ्याला मिळते, ठाऊक आहे?"
ठाऊक आहे. मी त्याला करप्याचं सांगत बसतो.

ऑक्टोबरात काढणी. काट्यानं भोसकलेले बाजूला,
ते आधी खायचे.
उरलेले टेकडीच्या पोटातल्या तळघरात.
त्याला दारं दोन, मध्ये एक माणूस उभा राहील एवढी जागा.
बाहेरचं लावल्याशिवाय आतलं उघडायचं नाही,
नाहीतर थंडी तुझ्यामागून आत शिरते.
फेब्रुवारीत, दोन दारांमधल्या त्या काळोखात,
मी कधीकधी उगाच थोडा जास्त थांबतो.

दोन वर्षं उलटली.
काल रेडिओनं सांगितलं, समुद्र बंदच राहणार,
किती, ते सांगितलं नाही.
मी बेणं कापत होतो. सुरी पँटला पुसली.
ड्रुसिलाला ऐकू आलं की नाही, कळलं नाही,
ती माझ्या हातांकडे बघत होती.
पुढच्या फोडीला डोळाच नव्हता.
ती रात्रीच्या पातेल्यात टाकली.